एका खोबणीचा इतिहास आणि आपल्या दप्तरांची नक्कल

जुन्या दप्तरांच्या व्यवहारात अस्सल आणि नक्कल हे दोन शब्द नेहमी जोडीने येतात. सनद असो, वाटणीपत्र असो की देवस्थानच्या उत्पन्नाचा तपशील असो, अस्सल कागद एका ठिकाणी आणि नक्कल दुसऱ्या ठिकाणी ठेवण्यामागचा हेतू उघड होता. आग, वाळवी, पूर आणि भाऊबंदकी या चारही आपत्ती एकाच वेळी दोन्ही घरांवर सहसा येत नाहीत. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांपैकी अनेकांनी गेल्या पंधरा-वीस वर्षांत हे रुमाल सोडून त्यांतील कागद स्कॅन करून घेतले आहेत. म्हणजे नक्कल तयार झाली. आता ती एका लहानशा पेटीत, बाह्य हार्ड डिस्कमध्ये, ठेवावयाची असते. ही पेटी विकत घेताना दुकानदार बहुधा एकच वाक्य बोलतो : ‘यूएसबी आहे, कुठेही चालेल.’

हे वाक्य खोटे नाही, पण ते पूर्ण खरेही नाही. त्याचा खरा भाग कोणता आणि अपुरा कोणता, हे त्या यूएसबी नावाच्या खोबणीचा इतिहास पाहिल्यावाचून कळत नाही. पेटीची किंमत आणि तिच्यात मावणारे टेराबाइट सगळेच विचारतात. ती ज्या पोर्टात खोचायची, त्याची चौकशी मात्र क्वचितच होते. मोडीतल्या कागदांचा अनुभव आपल्या घराण्यांना नवा नाही. कागद शाबूत आहे, शाई ठळक आहे, पण वाचणारा शोधत हिंडावे लागते. यंत्रातल्या नकलेवरही हाच प्रसंग येऊ शकतो. तेथे मोडी वाचकाची जागा पोर्ट घेतो, एवढाच फरक.

हार्ड डिस्कचा जन्म १९५६ सालचा. आयबीएम कंपनीने त्या वर्षी रामॅक नावाच्या यंत्राबरोबर जी डिस्क दिली, तिच्यात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात होते आणि मावणारी अक्षरे होती पन्नास लाख. आजच्या मापाने बोलायचे तर ए-४ आकाराचे एक पान ३०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करून न दाबता साठवले, तर त्याला सुमारे २६ मेगाबाइट जागा लागते. म्हणजे त्या टनभर यंत्रात आपल्या दप्तराचे एक पानसुद्धा मावले नसते. हे पान आम्ही या लेखात पुढेही मापासाठी वापरणार आहोत. दहा हजार पानांचे दप्तर धरले, तर त्याची नक्कल २६० गिगाबाइट होते. मोठ्या घराण्याच्या किंवा एखाद्या जुन्या ग्रंथालयाच्या दृष्टीने हा आकडा मुळीच अवास्तव नाही.

घरगुती संगणक १९८१ साली आयबीएमच्या पीसीने रूढ केला आणि १९८३ च्या त्याच्या पुढच्या आवृत्तीत दहा मेगाबाइटची डिस्क आली. या काळातल्या संगणकाची मागची बाजू ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ती आठवत असेल. प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र दार होते. मोडेमसाठी सीरियल पोर्ट (त्याचे प्रमाण १९६० सालचे), प्रिंटरसाठी सेंट्रॉनिक्स कंपनीच्या १९७० च्या रचनेवरून आलेले रुंद पॅरलल पोर्ट, १९८७ नंतर कीबोर्ड आणि माउस यांच्यासाठी दोन गोल छिद्रे. बाहेरून डिस्क जोडायची झाली तर स्कझी नावाची पद्धत होती. तिचे प्रमाण १९८६ साली ठरले. तिच्यात प्रत्येक उपकरणाला हाताने क्रमांक द्यावा लागे, साखळीच्या शेवटच्या टोकाला एक खास बूच बसवावे लागे आणि हे सगळे संगणक बंद करूनच करावे लागे. १९९४ साली शंभर मेगाबाइटची झिप डिस्क आली. ती पॅरलल पोर्टात, प्रिंटरच्या वाटेने जोडता येई. पुष्कळ कचेऱ्यांनी व काही घरांनीही त्या काळी आपली नक्कल तिच्यावर ठेवली. आज त्या काळची एखादी चकती कपाटात सापडली, तर ती वाचणारे यंत्र शोधावे लागते. यंत्र मिळाले तर ते जोडण्याजोगे पॅरलल पोर्ट असलेला संगणक शोधावा लागतो आणि संगणकही मिळाला तर त्याच्यावर चालणारी जुनी विंडोज. नक्कल केली होती हे खरे, पण ती कोणत्या दाराने परत बाहेर काढायची, हे कोणी पाहिले नव्हते.

या पसाऱ्याला एकच दार असावे, असा आग्रह ज्यांनी धरला, त्यांत अजय भट्ट यांचे नाव प्रमुख आहे आणि येथे आम्हां बडोदेकरांना थोडे थांबावेसे वाटते. भट्ट हे आडनाव पाहून काही वाचक पेशव्यांच्या मूळ आडनावाशी नाते जोडू पाहतील, पण तसे काही नाही. हे भट्ट गुजराती. त्यांचा जन्म १९५७ साली बडोद्यातच झाला आणि विद्युत अभियांत्रिकीचे पदवी शिक्षणही महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. त्या विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा ज्या वास्तूत आणि ज्या परंपरेत उभी आहे, ते कलाभवन. तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी १८९० साली ते स्थापन केले. हाताला कसब आणि धंद्याला शास्त्र मिळावे, अशी त्यांची दृष्टी होती. पुढे १९४९ साली विद्यापीठ झाले आणि कलाभवन त्याच्यात सामावले. आपल्यातल्या कित्येक घरांतले आजोबा, काका त्या कलाभवनाच्या दारातून गेलेले आहेत. यूएसबीचे सर्व श्रेय कलाभवनाला द्यावे, इतका आमचा आग्रह नाही. परंतु जगातल्या बहुतेक संगणकांना असलेल्या या खोबणीच्या मुळाशी त्या इमारतीत शिकलेला एक विद्यार्थी आहे, हे सांगताना समाधान वाटते, ते लपवण्याचेही कारण नाही.

भट्ट यांनी पुढे न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि १९९० साली ते इंटेल कंपनीत रुजू झाले. घरच्या माणसांना साधा प्रिंटर जोडून वापरणेही किती कठीण जाते हे पाहून ही कल्पना सुचली, असे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे. विजेचे बटण जसे कोणालाही न शिकवता वापरता येते, तसे संगणकाचे पोर्ट का नसावे, असा हा प्रश्न होता. आरंभी कंपनीतच फारसा उत्साह दिसला नाही. मात्र एकट्या कंपनीने असे दार करून उपयोग नव्हताच, इतरांनी ते बसवले तरच त्याला अर्थ. म्हणून इंटेलसह कॉम्पॅक, डिजिटल इक्विपमेंट, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्दर्न टेलिकॉम अशा सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीचे पहिले प्रमाण, १.० आवृत्ती, प्रसिद्ध झाले. भट्ट आणि त्यांचे सहकारी यांना २०१३ साली युरोपियन पेटंट कार्यालयाचा संशोधक पुरस्कार मिळाला.

या पहिल्या प्रमाणात जे निर्णय झाले, त्यांचे परिणाम आपण आजही भोगतो आहोत, चांगले आणि वाईट दोन्ही. तारा फक्त चार : दोन विजेच्या, दोन माहितीच्या. त्यामुळे लहान उपकरणाला वेगळा विजेचा प्लग नको. उपकरण संगणक चालू असतानाच लावावे आणि काढावे. एका संगणकाला, पत्त्यांच्या हिशेबाने, १२७ पर्यंत उपकरणे जोडता यावीत. संगणकाकडचे टोक चपटे, म्हणजे ए प्रकारचे, आणि उपकरणाकडचे चौकोनी, म्हणजे बी प्रकारचे. दोन संगणकांची वीज चुकून एकमेकांत जाऊ नये, म्हणून ही दोन टोके मुद्दाम निराळी ठेवली गेली. प्लग उलटासुलटा कसाही बसावा, हेही करता आले असते. पण त्यासाठी तारा आणि जोडण्या दुप्पट लागल्या असत्या, खर्च वाढला असता आणि महाग वस्तू कोणी बसवली नसती, असे कारण भट्ट यांनीच दिले आहे. प्लग पहिल्यांदा लावताना तो हमखास उलटा निघतो, या सार्वत्रिक अनुभवाचे मूळ या काटकसरीत आहे. इंटेलने या रचनेवर स्वामित्वशुल्क आकारले नाही, ही गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. फुकट दार सर्वांनी बसवले.

पहिल्या यूएसबीची गती मात्र डिस्कसाठी नव्हतीच. सेकंदाला दीड किंवा बारा मेगाबिट, म्हणजे प्रत्यक्षात फार तर मेगाबाइटभर. कीबोर्ड, माउस, प्रिंटर एवढेच तिच्यासमोर होते. आपले दहा हजार पानांचे दप्तर त्या वाटेने न्यायचे, तर अखंड तीन दिवस लागले असते.

शिवाय पहिली दोन वर्षे ही खोबण संगणकावर असून नसल्यासारखी होती, कारण विंडोज ९५ ला तिची धड ओळख नव्हती. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या उपस्थितीत विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू असताना यूएसबीच्या तारेने स्कॅनर जोडण्यात आला आणि सर्वांदेखत पडदा निळा होऊन संगणक बंद पडला. सभागृहात हशा पिकला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अ‍ॅपलचा आयमॅक बाजारात आला. त्याला फ्लॉपी नव्हती, जुनी कोणतीही दारे नव्हती, होती ती यूएसबी. उपकरणे करणाऱ्यांना निमित्त मिळाले आणि पीसीच्या बाजूनेही विंडोज ९८ मुळे वाट मोकळी झाली.

मोठ्या डिस्कसाठी मात्र त्या काळी फायरवायर श्रेष्ठ मानले जाई. १९९५ साली प्रमाणित झालेली ही पद्धत सेकंदाला चारशे मेगाबिट गतीची होती आणि व्हिडिओचे काम करणारे तिच्यावर खूश होते. तांत्रिक गुणांवर पाहिले तर ती यूएसबीपेक्षा कितीतरी सरस. पण प्रत्येक उपकरणामागे स्वामित्वशुल्क होते आणि ते दार सर्वसाधारण पीसीवर सर्रास कधी आलेच नाही. २०१० नंतरच्या दशकात ते नव्या संगणकांवरून हळूहळू दिसेनासे झाले. २००४ साली ईसाटा नावाचे केवळ बाह्य डिस्कसाठी असलेले दारही आले. तेही वेगवान होते आणि तेही ओसरले. ज्यांनी २००५ च्या सुमारास केवळ फायरवायरची डिस्क घेतली, त्यांनी अधिक चांगली वस्तू घेतली होती. तिची आजची अवस्था मात्र कपाटातल्या त्या जुन्या चकतीहून फारशी निराळी नाही. नकलेच्या बाबतीत उत्तम दारापेक्षा सर्वत्र असलेले दार अधिक उपयोगी पडते, असे आमचे मत या उदाहरणांवरून झाले आहे.

एप्रिल २००० मध्ये यूएसबी २.० आले आणि गती एकदम ४८० मेगाबिटांवर गेली. प्रत्यक्षात सेकंदाला तीस ते पस्तीस मेगाबाइट मिळत. आपले दप्तर आता सव्वादोन तासांत उतरू लागले. प्लगचा आकार बदलला नव्हता. जुन्या पोर्टात नवी डिस्क चाले, नव्या पोर्टात जुनी डिस्क चाले, फक्त दोहोंत जे मंद असेल त्याच्या गतीने. ‘कुठेही चालेल’ या वाक्याचा खरा भाग येथून आला. दुसरी एक गोष्ट याच सुमारास झाली, तिची वाच्यता फारशी होत नाही. डिस्कने संगणकाशी कोणत्या रीतीने बोलावे, याचे सर्वांसाठी एक प्रमाण ठरले. विंडोज ९८ ला प्रत्येक डिस्कसाठी कंपनीची वेगळी सीडी लागे. विंडोज २००० पासून ती कटकट संपली. पेन ड्राइव्हही २००० सालीच बाजारात आला.

विजेची अडचण मात्र शिल्लक होती आणि पुष्कळांच्या डिस्क तिनेच आजारी पाडल्या. यूएसबी २.० चे पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज देण्यास बांधील आहे, म्हणजे अडीच वॅट. टेबलावरची मोठी, साडेतीन इंची डिस्क १२ व्होल्ट मागते, म्हणून तिला भिंतीतला वेगळा अडॅप्टर असतो. खिशात मावणारी अडीच इंची डिस्क पोर्टच्या विजेवर चालते, पण तबकडी फिरायला लागतानाच्या पहिल्या क्षणी तिला याहून अधिक वीज लागू शकते. मग डिस्क टक टक असा आवाज करते, दिसते, नाहीशी होते, पुन्हा दिसते. माणसाला वाटते डिस्क बिघडली, आणि पुष्कळदा तिला फक्त वीज कमी पडत असते. त्या काळी दोन तोंडांची केबल मिळे. एक तोंड माहितीसाठी व विजेसाठी, दुसरे केवळ जादा विजेसाठी, आणि दोन्ही शेजारशेजारच्या पोर्टांत खोचायची. लांब, बारीक केबल आणि विजेचा स्वतंत्र पुरवठा नसलेला स्वस्त हब ही या दुखण्याची आणखी दोन कारणे. जुन्या डेस्कटॉपवर पुढच्या बाजूचे पोर्टही कधी कधी आतल्या लांब तारेमुळे कमी पडते. तेव्हा आवाज करणारी डिस्क टाकून देण्यापूर्वी ती आखूड केबलने मागच्या पोर्टात लावून पाहावी.

नोव्हेंबर २००८ मध्ये यूएसबी ३.० चे प्रमाण प्रसिद्ध झाले. या सर्व इतिहासात आम्हांला सर्वांत देखणे वाटते ते या आवृत्तीतले काम. गती पाच गिगाबिट करायची तर चार तारा पुरत नव्हत्या, पण कोट्यवधी जुनी उपकरणे मोडीत काढायचीही नव्हती. म्हणून जुन्या चार पट्ट्या जागच्या जागी ठेवून, त्यांच्यापासून निराळ्या जागी पाच नव्या पट्ट्या बसवल्या. जुना प्लग आत गेला तर तो फक्त आपल्या चार पट्ट्यांना भेटतो, नवा प्लग नऊंना. जुन्या वाड्याची दर्शनी भिंत न हलवता आत नवे दालन काढावे, तसे हे काम. ओळख पटावी म्हणून पोर्टातल्या प्लॅस्टिकला निळा रंग सुचवला गेला. तो सक्तीचा नव्हता, म्हणून काळे पण ३.० असलेले पोर्टही भेटते. तेथे चिन्हाशेजारी एसएस ही रोमन अक्षरे पाहावी. विजेची मर्यादा ९०० मिलिअँपिअरपर्यंत वाढली आणि दोन तोंडांच्या केबलची गरज बहुतांशी संपली.

तबकडी फिरणारी डिस्क मुळातच सेकंदाला शंभर-सव्वाशे मेगाबाइटच्या आसपास लिहिते. म्हणजे ३.० च्या पोर्टाने तिला मोकळी वाट करून दिली, आता अडथळा डिस्कचाच राहिला. आपले दहा हजार पानांचे दप्तर पाऊण तासाच्या आत उतरते. याहून वेगवान पोर्ट घेऊन फिरत्या डिस्कला काहीही मिळत नाही. दुकानात ‘दहा गिगाबिट’ असे खोक्यावर छापलेल्या साध्या डिस्कसाठी जादा पैसे देऊ नयेत. तो आकडा रस्त्याच्या रुंदीचा आहे, गाडीच्या वेगाचा नव्हे.

३.० ची अडचण उपकरणाच्या बाजूच्या टोकाला आली. तेथला रुंद, मध्ये खाच असलेला, मायक्रो-बी नावाचा चपटा प्लग अनेकांनी पाहिला असेल. ही केबल हरवली की लोक घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही. त्या रुंद खोबणीच्या मोठ्या भागात जुन्या अँड्रॉइड फोनची साधी मायक्रो यूएसबी केबल बसते आणि डिस्क २.० च्या गतीने चालते. उलट मात्र होत नाही. रुंद प्लग जुन्या खोबणीत जात नाही. संगणकांच्या बाजूने पाहता इंटेलच्या संचांत ३.० अंगभूत झाले ते २०१२ साली आणि विंडोजलाही त्याची स्वतःहून ओळख झाली ती त्याच वर्षीच्या विंडोज ८ मध्ये. त्यामुळे मधल्या काळातल्या लॅपटॉपवर एक निळे आणि दोन काळी अशी मिश्र दारे सापडतात. घरात असा लॅपटॉप असेल, तर डिस्क निळ्यातच लावावी आणि काळी दारे माउसला द्यावीत.

यानंतर नावांचा जो घोळ झाला, त्याची हकीकत थोडक्यातच सांगतो, कारण ती ऐकून कोणाचेही समाधान होणार नाही. २०१३ साली दहा गिगाबिटांचे ३.१ आले, तेव्हा जुन्या ३.० ला ३.१ ची पहिली पिढी म्हणू लागले. २०१७ साली वीस गिगाबिटांचे ३.२ आले, तेव्हा त्याच जुन्याला ३.२ ची पहिली पिढी म्हटले गेले. एकाच वस्तूची तीन बारशी झाली. २०१९ साली यूएसबी ४ आले, चाळीस गिगाबिटांपर्यंतचे. अखेर २०२२ साली प्रमाण ठरवणाऱ्या संस्थेनेच ही नावे ग्राहकांसमोर आणू नयेत, फक्त गतीचा आकडा लिहावा, असे ठरवले. तेव्हा खोक्यावर ३.०, ३.१ जेन १, ३.२ जेन १ किंवा पाच गिगाबिट यांपैकी काहीही लिहिलेले असो, ती एकच वस्तू आहे, आणि नकलेच्या फिरत्या डिस्कला ती पुरेशी आहे.

खरा पालट ऑगस्ट २०१४ मध्ये झाला. टाइप-सी आले. चोवीस पट्ट्यांचे, लंबगोल आणि कसेही लावले तरी बसणारे. १९९६ साली काटकसरीने सोडून दिलेली गोष्ट अठरा वर्षांनी साधली. युरोपियन संघाने डिसेंबर २०२४ पासून फोन व इतर लहान उपकरणांच्या चार्जिंगसाठी हेच दार सक्तीचे केले, आणि पुष्कळ नव्या लॅपटॉपवर आता दुसरे दारच नसते. मात्र येथे इतिहासाने एक कोलांटी घेतली. पूर्वी आकार पाहून आतले काय ते कळे. चौकोनी म्हणजे प्रिंटर, निळे म्हणजे वेगवान. आता आकार सर्वत्र एक आणि आत काय चालले आहे, ते बाहेरून दिसत नाही. टाइप-सीच्या एका दारात २.० ची जुनी मंद वाट असू शकते, दुसऱ्यात पाच गिगाबिट, तिसऱ्यात थंडरबोल्ट नावाची इंटेलची वेगळी वेगवान पद्धत. केवळ थंडरबोल्टसाठी केलेली महागडी डिस्क साध्या टाइप-सीमध्ये बसते, पण चालेलच असे नाही. फोनबरोबर येणारी टाइप-सी केबल पुष्कळदा चार्जिंगसाठी असते आणि माहिती २.० च्याच गतीने नेते. तीच केबल डिस्कला लावली तर नवी कोरी वस्तू वीस वर्षांपूर्वीसारखी रांगते आणि दोष डिस्कला दिला जातो. डिस्कबरोबर आलेली केबल डिस्कबरोबरच ठेवावी, तिला फोनच्या केबलींत मिसळू देऊ नये. घरातल्या नातवंडांना हे दोनदा सांगावे लागते.

खरेदीला निघण्यापूर्वी, आमच्या मते, घरातल्या संगणकांची दारे पाहून घ्यावीत. एकाच नव्हे, सगळ्यांची. कारण नक्कल एका ठिकाणी करायची आणि संकट आले तर दुसऱ्याच ठिकाणी वाचायची असते. बडोद्यात भरलेली डिस्क पुण्यातल्या मुलीच्या किंवा परदेशातल्या मुलाच्या संगणकावर उघडली पाहिजे. घरात जुनी चपटी ए दारेच असतील, तर ए केबलची अडीच इंची, पाच गिगाबिटांची डिस्क घ्यावी आणि सोबत ए चे सी करणारा लहान जोड घ्यावा. तो स्वस्त असतो, मात्र ३.० चा आहे ना, हे विचारून घ्यावा. घरात फक्त सी असेल, तर डिस्कवर सी ची खोबण आणि डब्यात दोन्ही टोकांच्या केबली असलेली वस्तू पाहावी. तबकडी नसलेल्या एसएसडी डिस्क वेगवान आणि धक्क्याला टणक असतात, प्रवासात त्या उत्तम. पण वर्षानुवर्षे विजेविना कपाटात पडून राहणाऱ्या नकलेसाठी आम्ही अजून फिरत्या डिस्कलाच पसंती देतो, कारण एसएसडीतली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो भार फार काळ वीज न मिळाल्यास क्षीण होत जातो.

एक बाब दुकानात कोणी सांगत नाही. बाह्य डिस्कच्या पेटीत खरे तर दोन वस्तू असतात : मूळ डिस्क, आणि तिची भाषा यूएसबीत बदलणारी एक लहान पट्टी, दुभाष्यासारखी. पूर्वी पट्टी बिघडली तर डिस्क काढून दुसऱ्या पेटीत घालता येई. अलीकडच्या बऱ्याच खिशातल्या डिस्कमध्ये मात्र यूएसबीची खोबण डिस्कच्या मूळ फळीवरच डागलेली असते. खोबण निखळली तर आतली डिस्क धडधाकट असूनही दुसऱ्या वाटेने वाचता येत नाही. काहींत ही फळी माहिती कूटबद्धही करते, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याचाही हात टेकतो. म्हणून ज्यांना थोडी खटपट चालते, त्यांनी सुटी साटा डिस्क आणि सुटी पेटी घेऊन जोडावी, हे आम्ही सुचवतो. पोर्ट बदलले, टाइप-सीच्या जागी उद्या आणखी काही आले, तर पेटी बदलता येते, दप्तर तेच राहते. ज्यांना खटपट नको, त्यांनी निदान केबल आडवी ओढू नये, आणि एकाऐवजी दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या डिस्क घ्याव्यात.

पोर्ट जुळले, वीज पुरली, तरी आतल्या मांडणीचा एक प्रश्न उरतो. विंडोजची एनटीएफएस ही मांडणी मॅक संगणक वाचतो, पण स्वतःहून तिच्यात लिहीत नाही. जुनी फॅट ३२ सर्वत्र चालते, पण तिच्यात चार गिगाबाइटची एक फाइलही मावत नाही, म्हणजे लग्नाच्या जुन्या चित्रफितीची अखंड नक्कल राहून जाते. २००६ साली आलेली एक्सफॅट दोन्हीकडे लिहिता-वाचता येते. कुटुंब दोन गावांत आणि दोन प्रकारच्या संगणकांत विभागलेले असेल, तर डिस्क नवी असतानाच, रिकामी असताना, तिच्यावर हीच मांडणी करून घ्यावी. एक्सफॅट अवचित वीज गेल्यास एनटीएफएसपेक्षा नाजूक ठरते, तेव्हा काम संपल्यावर डिस्क रीतसर ‘इजेक्ट’ करून मगच काढावी.

आमच्या परिचयातले एक गृहस्थ दर दिवाळीला डिस्क बाहेर काढतात, घरातल्या सर्वांत नव्या संगणकाला लावून चार-दोन पाने उघडून पाहतात आणि डब्यातल्या चिठ्ठीवर तारीख घालतात. चिठ्ठीवर डिस्क कधी घेतली, कोणत्या पोर्टची आहे, कोणती मांडणी आहे आणि केबल कोणती, एवढेच लिहिलेले असते. गेल्या खेपेस त्यांच्या मुलाच्या नव्या लॅपटॉपला ए दार नव्हते. त्यांनी जोड आणला, पाने उघडली आणि चिठ्ठीवर एक ओळ वाढवली : ‘सी चा जोड डब्यात आहे.’